घरच्यांना शिकवून भागेल का? पक्षाघाताच्या पुनर्वसनावरील ‘अटेंड’ चाचणीविषयी

भारतातील १४ रुग्णालयांनी मिळून जानेवारी २०१४ ते फेब्रुवारी २०१६ या काळात पक्षाघाताच्या १२५० रुग्णांना एका चाचणीत सामील करून घेतले आणि दिसायला साधा, पण आपल्या घराघराशी निगडित असलेला एक प्रश्न विचारला. रुग्णाच्या घरातील माणसाला पुनर्वसनाचे व्यायाम पद्धतशीर शिकवले, तर सहा महिन्यांनंतर रुग्ण अधिक स्वावलंबी झालेला दिसतो का? ‘अटेंड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उत्तर ‘नाही’ असे आले. पुनर्वसन विभागात काम करणाऱ्या आम्हा मंडळींनी या उत्तराचा जितका गांभीर्याने विचार करायला हवा तितका आपल्याकडे झालेला मला दिसत नाही, म्हणून आज त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

प्रश्न महत्त्वाचा का आहे, ते आधी सांगायला हवे. एखाद्याच्या अंगावरून वारे गेले की पहिले काही दिवस रुग्णालयात जातात, जिवावरचा धोका टळतो आणि मग रुग्णाला घरी सोडण्याची वेळ येते. त्या वेळी त्याचा एक हात आणि एक पाय बहुधा अजून साथ देत नसतो. पुढचे कित्येक महिने ज्याची गरज असते ते पुनर्वसन मोठ्या शहरांत पैसे मोजून मिळते आणि तालुक्याच्या गावी बहुतेकदा मिळतच नाही. अशा वेळी वॉर्डातला फिजिओथेरपिस्ट पत्नीला, मुलाला किंवा सुनेला पलंगाजवळ बोलावून खांदा कसा हलवायचा, कुशीवर कसे वळवायचे, उभे करताना आधार कुठे द्यायचा हे दाखवतो आणि ‘रोज करून घेत जा’ असे सांगून निरोप देतो. आपल्या देशात पक्षाघाताचे पुनर्वसन म्हणजे फार मोठ्या प्रमाणावर हेच आहे. मनुष्यबळ कमी आणि रुग्ण अफाट असताना प्रशिक्षित माणसाचे काम कुटुंबाकडे सोपवावे, हा विचार त्यामुळे स्वाभाविक वाटतो. तो स्वस्त आहे, आपल्या कुटुंबव्यवस्थेला साजेसा आहे आणि ऐकताक्षणी पटतो. जी गोष्ट ऐकताक्षणी पटते तिचीच चाचणी करण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. येथे ते घेतले गेले.

पुनर्वसनातल्या उपचारांची परीक्षा नुसत्या अनुभवावर का करता येत नाही, हे समजल्याशिवाय या चाचणीचे मोल कळणार नाही. पक्षाघातानंतर मेंदू आपणहून बराच सावरतो. ही सुधारणा पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत वेगाने होते, तिसऱ्या महिन्यानंतर तिचा वेग मंदावतो आणि त्यानंतरही ती थोडीथोडी चालू राहते. म्हणजे पहिल्या आठवड्यात सुरू केलेला कोणताही उपचार, मग तो व्यायाम असो, मालिशचे तेल असो की कोण्या गावचे नावाजलेले झाडपाल्याचे औषध असो, रुग्ण सुधारत असतानाच दिला जातो आणि सुधारणेचे श्रेय त्या उपचाराला जाते. त्यात पुन्हा, जे रुग्ण सुधारतात तेच आनंदाने ओपीडीत परत येतात. जे अंथरुणाला खिळतात त्यांना गाडी करून आणणे कुटुंबाला परवडत नाही आणि ते आमच्या नजरेआड जातात. वीस-पंचवीस वर्षे काम केलेल्या निष्णात माणसाचा अनुभवही अशा रीतीने एकाच बाजूला झुकलेला असू शकतो. यावर उपाय एकच आहे. सारख्याच अवस्थेतील रुग्णांचे, कोणाच्याही मर्जीवर न सोडता, संगणकाने चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडावेत, एका गटाला नेहमीचे उपचार द्यावेत, दुसऱ्याला नेहमीच्या उपचारांबरोबर नवी गोष्ट द्यावी आणि शेवटी ज्याला गट ठाऊक नाही अशा तिसऱ्या माणसाने दोन्ही गटांचे मोजमाप करावे. मेंदूची आपणहून होणारी सुधारणा दोन्ही गटांत सारखीच होईल, म्हणून जो फरक उरेल तो नव्या गोष्टीचा.

गोळीच्या बाबतीत हुबेहूब दिसणारी खोटी गोळी देता येते. व्यायामाला तशी सोय नाही. आपण व्यायाम करतो आहोत की नाही हे रुग्णाला कळते, करून घेणाऱ्याला तर कळतेच. म्हणून पुनर्वसनाच्या संशोधनात शेवटचे मोजमाप करणारा माणूस अनभिज्ञ ठेवणे याला फार मोठे महत्त्व येते, आणि ‘अटेंड’ने ते पाळले होते.

घरच्यांना शिकवण्याची कल्पना काही भारतात जन्मलेली नव्हे. २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इंग्लंडमधील एका केंद्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ३०० रुग्ण आणि त्यांचे काळजीवाहक त्यात सहभागी होते. काळजीवाहकांना प्रशिक्षण दिल्याने खर्च कमी झाला, त्यांच्यावरील ताण हलका झाला आणि रुग्णांचे मनोधैर्यही सुधारले, असे त्यात दिसले. स्वाभाविकच सर्वांना हुरूप आला. पुढे ब्रिटनमध्येच तोच अभ्यासक्रम ३६ पुनर्वसन केंद्रांत नेऊन ९२८ रुग्ण-काळजीवाहक जोड्यांवर पडताळला गेला आणि २०१३ साली त्याचा निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. एका ठिकाणी, उत्साही आणि पहिल्यापासून गुंतलेल्या चमूच्या हातून जे साधते ते ३६ ठिकाणच्या रोजच्या धबडग्यात साधेलच असे नाही, हा धडा पुनर्वसनाच्या क्षेत्राला वारंवार मिळालेला आहे. तरीही ब्रिटनमधील निकालावरून भारताविषयी निष्कर्ष काढणे योग्य ठरले नसते, कारण तिथे नेहमीचे उपचार म्हणजेच बहुशाखीय चमूने दिलेले चांगल्या दर्जाचे पुनर्वसन होते. जिथे मुळात फारसे काही मिळत नाही तिथे घरच्यांचे प्रशिक्षण मोठा फरक पाडेल, ही आशा अजून जिवंत होती आणि ती रास्तही होती.

‘अटेंड’ची आखणी याच आशेवर झाली. ऑस्ट्रेलियातील जॉर्ज इन्स्टिट्यूटचे रिचर्ड लिंडली आणि लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे जयराज पांडियन हे या कामाचे प्रमुख संशोधक होते. गेल्या महिनाभरात पक्षाघात झालेले, त्यामुळे काहीएक अपंगत्व उरलेले आणि काळजी घेणारे घरचे माणूस ज्यांनी सुचवले आहे असे प्रौढ रुग्ण निवडले गेले. ६२३ रुग्ण प्रशिक्षणाच्या गटात आणि ६२७ नेहमीच्या उपचारांच्या गटात आले. प्रशिक्षणाच्या गटातील रुग्णांच्या नातेवाइकांना पुनर्वसन समन्वयकाने रुग्णालयातच साधारण तीन दिवस, रोज सुमारे तासभर शिकवले. आजाराची माहिती, रुग्ण आणि नातेवाईक यांनी मिळून ठरवलेली उद्दिष्टे, काळजी घेण्याची कौशल्ये आणि ठरावीक कृतींचा सराव अशी त्याची रचना होती. कपडे घालायचे असतील तर कपडे घालण्याचाच सराव, खुर्चीतून उठायचे असेल तर उठण्याचाच. घरी गेल्यावरही दोन महिन्यांपर्यंत समन्वयकाचा पाठपुरावा चालू राहिला.

सहा महिन्यांनंतरचे मोजमाप ‘मॉडिफाइड रँकिन स्केल’ या मापावर झाले. या मापात शून्य म्हणजे कोणतेही लक्षण नाही आणि सहा म्हणजे मृत्यू. तीन किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे रुग्ण दैनंदिन जीवनात दुसऱ्यावर अवलंबून आहे किंवा दगावला आहे. प्रशिक्षणाच्या गटातील ज्यांची माहिती मिळाली अशा ६०७ रुग्णांपैकी २८५ या वाईट बाजूला होते, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ६०५ पैकी २८७. दोन्हीकडे ४७ टक्के. मृत्यू अनुक्रमे ७२ आणि ८६ झाले, पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले ८९ आणि ८२, आणि हे फरक योगायोगाने पडू शकतील इतकेच होते. दोन्ही गटांची तुलना करणारे गुणोत्तर (१ म्हणजे दोन्ही गट अगदी सारखे) ०.९८ आले आणि त्याचा विश्वासाचा पल्ला, म्हणजे खरे गुणोत्तर ज्या मर्यादांत असण्याची दाट शक्यता आहे तो पट्टा, ०.७८ ते १.२३ असा होता. हा पल्ला शांतपणे वाचावा. प्रशिक्षणाने थोडासा फायदा किंवा थोडासा तोटा होत असण्याची शक्यता त्यातून पूर्णपणे वगळली जात नाही, परंतु ज्याच्या भरवशावर देशाचे धोरण आखावे असा ठसठशीत फायदा असता, तर १२५० रुग्णांच्या चाचणीत तो लपून राहिला नसता.

आता या निकालाचे जे चुकीचे अर्थ लावले जातात त्यांकडे वळते. पहिला म्हणजे, ‘व्यायामाचा उपयोग नाही’. चाचणीने हे मुळीच सांगितलेले नाही. दोन्ही गटांना त्या त्या रुग्णालयाचे नेहमीचे उपचार मिळत होते आणि त्यात फिजिओथेरपीही आली. तपासले गेले ते एवढेच, की त्याच्यावर आणखी हे प्रशिक्षण दिल्याने सहा महिन्यांनंतरचे अवलंबित्व कमी होण्यासारखा फायदा होतो का. दुसरा चुकीचा अर्थ, ‘घरच्यांना काही शिकवू नका’. रुग्णाला गिळताना ठसका लागत असेल तर काय करावे, दुबळ्या हाताला धरून त्याला ओढून उठवू नये, पाठीवर जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलावी, हे घरच्यांना सांगितलेच पाहिजे. ते सुरक्षिततेसाठी आहे, माणुसकीचे आहे आणि त्याची गरज कोणत्याही गुणोत्तरावर अवलंबून नाही. ‘अटेंड’ने ज्याला धक्का दिला तो समज वेगळा आहे. तीन दिवस शिकवून घरी पाठवले की पुनर्वसनाची आपली जबाबदारी पार पडली, हा तो समज.

फायदा का झाला नसावा, याचा विचार करताना मला सर्वांत आधी मात्रेचा मुद्दा दिसतो. पक्षाघातानंतरच्या हातासाठी ज्या उपचाराने भक्कम चाचणीत यश मिळवले तो म्हणजे चांगला हात बांधून ठेवून दुबळ्या हाताला काम करायला लावण्याची पद्धत. अमेरिकेतील ‘एक्साइट’ या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण त्यात होते आणि मनगट व बोटे थोडीफार उघडता येणाऱ्यांनाच त्यात घेतले होते. दोन आठवडे जागेपणीचा बहुतांश वेळ चांगल्या हातावर जाड हातमोजा आणि कामाच्या दिवशी रोज सहा तासांपर्यंत प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली सराव, असा तो उपचार होता. फायदा झाला आणि तो वर्षभरानंतरही टिकला. त्या यशात हात बांधण्याचा वाटा किती आणि निव्वळ भरपूर सरावाचा किती, हे त्या चाचणीवरून वेगळे करता येत नाही, कारण तुलनेच्या गटाला तेवढा सराव मिळालेला नव्हता. पण मेंदूला नव्याने शिकवायचे तर किती खटाटोप लागतो याचा अंदाज त्यातून येतो. दिवसाकाठी सहा तासांचा सराव एका बाजूला ठेवा आणि स्वयंपाक, धुणी-भांडी, मुलांची शाळा आणि कदाचित शेतावरचे काम सांभाळून सासऱ्यांचा हात हलवून देणारी सून दुसऱ्या बाजूला ठेवा. तिने अर्धा तास जरी काढला तरी ती तिच्या परीने पराकाष्ठा करत असते. तो अर्धा तास पुरत नसेल तर तिच्या कष्टांना त्यात बोल लावता येणार नाही, कारण अपेक्षाच आम्ही चुकीच्या माणसाकडून केली.

दुसरा मुद्दा कौशल्याचा. ज्याला नवशिके डोळे व्यायाम म्हणतात त्यात प्रत्यक्षात प्रत्येक वेळी निर्णय असतात. आज खांदा दुखतो आहे, तो का दुखतो, हात किती उंच न्यायचा, स्नायूंचा ताठरपणा वाढला आहे का, रुग्ण उदास आहे म्हणून टाळतो आहे की खरोखर दमला आहे. हे निर्णय घेण्याचे शिक्षण कित्येक वर्षांच्या फिजिओथेरपीच्या पदवीत आणि त्यानंतरच्या कामात मिळते. ते तीन तासांत उतरवता येईल असे मानणे हा त्या विद्येचाही अनादर आहे.

मोजमाप फार ढोबळ होते, असाही एक आक्षेप घेतला जातो. रँकिनच्या मापात पाचावरून चारावर आलेला रुग्ण, म्हणजे पूर्ण अंथरुणावर असलेला माणूस जो आता आधाराने चार पावले टाकतो, या चाचणीच्या मुख्य मोजमापात ‘अवलंबून’ याच बाजूला राहतो, आणि त्याच्या घरच्यांसाठी तर तो फरक जमीन-अस्मानाचा असतो. आक्षेपात तथ्य आहे. मात्र दैनंदिन कामे, जीवनमान आणि काळजीवाहकावरचा भार अशी इतर मोजमापेही घेतली गेली होती आणि त्यांतही दोन गट वेगळे दिसले नाहीत, त्यामुळे केवळ मापाला दोष देऊन निकाल बाजूला सारता येत नाही. चीनच्या ग्रामीण भागातही परिचारिकांनी कुटुंबीयांना शिकवण्याची अशीच एक चाचणी झाली आणि तिच्यातही फायदा दिसला नाही.

पुनर्वसनात ‘करून बघायला काय हरकत आहे’ हे वाक्य फार चालते. त्याचे उत्तर ‘अॅव्हर्ट’ या चाचणीत आहे. झटका आल्यापासून २४ तासांच्या आत रुग्णाला पलंगाबाहेर काढून बसवायचे, उभे करायचे, चालवायचे आणि हे दिवसातून अनेकदा करायचे, या कल्पनेवर जूली बर्नहार्ट यांच्या नेतृत्वाखाली पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २१०४ रुग्णांची चाचणी झाली. अंथरुणावर पडून राहण्याचे दुष्परिणाम सर्वांना ठाऊक असल्याने लवकर उठवणे हितकारकच असणार, असे जवळजवळ गृहीत होते. २०१५ साली निकाल आला तेव्हा तीन महिन्यांनंतर चांगल्या अवस्थेत असलेले रुग्ण लवकर आणि अधिक उठवलेल्या गटात ४६ टक्के होते, तर नेहमीच्या पद्धतीने उठवलेल्या गटात ५० टक्के. पहिल्या गटाला रोज सुमारे ३१ मिनिटे हालचाल मिळत होती आणि दुसऱ्याला १० मिनिटे. पुढच्या विश्लेषणात असेही दिसले की थोड्या थोड्या वेळाचे, पण अधिक वेळा उठवणे हे दीर्घकाळ उठवण्यापेक्षा बरे असावे. म्हणजे व्यायामालाही औषधासारखी मात्रा असते, वेळ असते आणि जादा मात्रेने अपायही होऊ शकतो. एवढी मोठी चाचणी झाली नसती तर आपण सदिच्छेनेच रुग्णांचे थोडे नुकसान करत राहिलो असतो आणि ते कोणाच्या लक्षातही आले नसते, कारण दोन्ही गटांतले बहुसंख्य रुग्ण सुधारतच होते.

म्हणूनच फरक न आढळलेल्या चाचण्यांना ‘अपयशी’ म्हणण्याची आपल्याकडची रीत मला मान्य नाही. ‘अटेंड’ने एक स्वस्त वाटणारा मार्ग तपासून बंद केला आणि त्यामुळे पुढचा पैसा कुठे घालायचा याची दिशा मोकळी झाली. संशोधकांनी स्वतःच म्हटले आहे की नवा पुरावा येईपर्यंत कुटुंबीयांवर काम सोपवणाऱ्या नव्या सेवांवर गुंतवणूक करण्यास त्यांचा निकाल पाठिंबा देत नाही, आणि यापुढे आरोग्य सहायक किंवा समुदायातील चमू यांच्यामार्फत पुनर्वसन करता येते का हे तपासावे. हे वाक्य आरोग्याचे अंदाजपत्रक लिहिणाऱ्यांपर्यंत पोहोचायला हवे. मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ सालापासून उभी आहे. या शाखेचे ज्ञान आपल्या राज्यात सात दशके आहे, पण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या रुग्णालयांत पक्षाघाताच्या रुग्णामागे दररोज काही आठवडे वेळ देऊ शकेल असे प्रशिक्षित हात नाहीत. घरच्यांना शिकवणे हा त्या हातांना पर्याय नव्हे, हे आता आपल्याच देशातील आपल्याच रुग्णांनी दाखवून दिले आहे. शहरांत रोबोटच्या साह्याने पुनर्वसन करून देण्याच्या जाहिराती झळकतात, त्यांच्याविषयी एवढेच सांगते की ब्रिटनमधील ७७० रुग्णांच्या २०१९ सालच्या चाचणीत रोबोटने हाताची कार्यक्षमता नेहमीच्या उपचारांपेक्षा निश्चितपणे सुधारली असे दिसले नाही. यंत्र विकत घेण्याआधी माणूस नेमावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुदायातील पुनर्वसन कार्यकर्त्याची चाचणी महाराष्ट्रात व्हावी, असे मला मनापासून वाटते. निवडक तालुक्यांत काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेला, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली काम करणारा आणि त्यासाठी पगार मिळणारा माणूस आठवड्यातून अनेकदा रुग्णाच्या घरी जाईल, उरलेल्या तालुक्यांत सध्याची पद्धत चालू राहील आणि कोणत्या तालुक्यात काय, हे चिठ्ठीने ठरेल. एकाच गावातील दोन रुग्णांना वेगवेगळ्या गटांत टाकले तर शेजारी एकमेकांचे पाहून शिकतात आणि गटांतला फरक पुसट होतो, म्हणून वाटणी तालुकावार हवी. मोजमापात रँकिनबरोबरच आठवडाभरात रुग्ण घराच्या उंबऱ्याबाहेर किती वेळा गेला आणि घरातील कमावत्या माणसाचे किती कामाचे दिवस बुडाले, याची नोंद हवी, कारण कुटुंबाला लागणारी खरी झळ तिथे दिसते.

अशी किंवा दुसरी कोणतीही चाचणी आपल्या नातेवाइकाच्या उपचारांदरम्यान समोर आली, तर घाबरून नकार देऊ नका आणि भिडेपोटी होकारही देऊ नका. संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. संस्थेच्या नैतिकता समितीने अभ्यासाला मान्यता दिली आहे का आणि भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत त्याची नोंद आहे का, हे विचारा. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि ती कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. चिठ्ठीने दुसरा गट वाट्याला आला तर आपल्या माणसाला नेमके कोणते उपचार मिळतील, घरी मोजमाप करायला कोण येईल आणि मध्येच बाहेर पडलो तर नेहमीचे उपचार तसेच चालू राहतील ना, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच असले पाहिजे, आणि ते संमतिपत्रात लिहिलेले असले पाहिजे.